तुपाची वाटी

वर्गात उभे राहणाऱ्या शिक्षकाला खरे भय दंगा करणाऱ्या मुलांचे नसते. ते असते शांतपणे विचार करणाऱ्या मुलांचे. दंग्यावर दटावणी चालते, प्रश्नावर ती चालत नाही. गेल्या पावसाळ्याच्या आरंभी सहावीच्या वर्गात आम्ही संत नामदेवांची ती सर्वश्रुत कथा सांगत होतो. नामदेव जेवावयास बसले असता एका कुत्र्याने त्यांच्या पुढ्यातील भाकरी पळविली. आणि कोरडी भाकरी खाऊ नये, तूप तेवढे लावून घ्यावे, अशी विनवणी करीत नामदेव तुपाची वाटी हातात घेऊन त्याच्या पाठीमागे धावले. सर्वाभूती परमेश्वर पाहावा, हे या कथेचे तात्पर्य. ते आम्ही फळ्यावर लिहिले, मुलांनी वहीत उतरवून घेतले, आणि मोठ्या समाधानाने आम्ही खडू खाली ठेवला. तोच मधल्या बाकावरील एका मुलीने हात वर केला.

“सर, नामदेव तूप द्यायलाच धावत होते ना? मग कुत्रा पळत का होता?”

वर्ग हसला. आम्हांला मात्र हसू आले नाही. आम्ही घड्याळाकडे पाहिले आणि गंभीर स्वरात म्हणालो, “याचे उत्तर पुढच्या तासाला सांगू.” शिक्षकांच्या कोशात या वाक्याचा अर्थ ‘आम्हांला ठाऊक नाही’ असा दिलेला असतो. तो पुढचा तास येण्यास पाच महिने लागले. मधल्या काळात आम्हांला एक गुरू भेटला. त्याला चार पाय होते.

त्याच आठवड्यातील शुक्रवारी आम्ही म्हापशाच्या बाजाराला गेलो होतो. आमचा शुक्रवारचा बाजार ज्याने पाहिला नाही, त्याला तो शब्दांत सांगणे कठीण आणि ज्याने पाहिला आहे, त्याला सांगण्याची गरज नाही. बारदेशातील बागायतदार, पेडण्या-डिचोलीकडील भाजीवाल्या, मातीची मडकी, मयड्याची केळी, चोरीसांच्या माळा आणि सुक्या मासळीचे ढीग या सर्वांमधून वाट काढीत आम्ही परतत असता आमची छत्री कोणीतरी मागे ओढीत असल्याचे जाणवले. वळून पाहिले, तो मुठीएवढ्या डोक्याचे, ओलेचिंब, तांबूस रंगाचे एक पिल्लू छत्रीचे टोक तोंडात धरून उभे होते. आजूबाजूला त्याची आई दिसेना. आम्ही छत्री सोडविली. ते पुन्हा लोंबकळले. अखेर छत्री आणि पिल्लू अशी दोन्ही घरी आली.

दारात मातुःश्री उभ्या होत्या. त्यांनी पिल्लाकडे पाहिले. तेवढ्यात पिल्लाने पायपुसण्याचा एक कोपरा गिळण्यास प्रारंभ केला होता. “हो बकासूर खंयसून हाडलो रे, पुता?” त्या उद्गारल्या. नामकरणाचा विधी तेथेच पार पडला. पुढे लाडाने बकासुराचा ‘बकू’ झाला, तरी मूळ नाव त्याने अखेरपर्यंत सार्थ केले.

दुसऱ्या दिवशी त्याला पशुवैद्यांना दाखविले. पिल्लू दोन महिन्यांचे असावे, असे त्यांनी दातांवरून सांगितले. जंतांचे औषध दिले, पहिली लस टोचली आणि सर्व लसी पुऱ्या होईपर्यंत, म्हणजे सुमारे सोळा आठवड्यांचे वय होईपर्यंत, त्याला रस्त्यावर नेऊ नका, असे बजावले. पार्व्हो नावाचा रोग आजारी कुत्र्याच्या विष्ठेतून पसरतो. त्याचे विषाणू जमिनीत महिनोन् महिने टिकून राहतात आणि पिल्लू तर वाटेतील प्रत्येक वस्तूला तोंड लावते. तेव्हा सारा आषाढ बकूने अंगणातच काढला. अंगणातही खाण्यासारखे पुष्कळ असते, हे ज्ञान आम्हांला तेव्हा झाले.

माणसाचे मूल जग हातांनी चाचपून पाहते. कुत्र्याच्या पिल्लाला हात नाहीत. त्याचे हात, डोळे आणि जिज्ञासा ही सर्व तोंडात असतात. शिवाय त्याचे अठ्ठावीस दुधाचे दात तिसऱ्या-चौथ्या महिन्यापासून पडू लागतात आणि सातव्या महिन्यापर्यंत बेचाळीस कायमचे दात येतात. त्या काळात हिरड्या सारख्या शिवशिवत असतात. त्यात पुन्हा रस्त्यावर जन्मलेल्या जिवाला एकच विद्या वारशाने मिळालेली असते: जे दिसेल ते आधी गिळावे, विचार मागाहून करावा, कारण विचार करीत बसलेल्याचा घास शेजारी पळवितो. हे सर्व आम्हांला आज उमगते आहे. त्या वेळी आमच्या दृष्टीने बकू हा केवळ एक बेशिस्त विद्यार्थी होता आणि बेशिस्त विद्यार्थ्यांवरील आमची पद्धत ठरलेली होती.

श्रावणात आमचे सकाळचे फिरणे सुरू झाले. घरापासून बोडगेश्वराच्या देवळापर्यंतचा रस्ता आम्ही पंधरा वर्षे तुडवीत आलो आहो. परंतु त्या रस्त्यावर इतक्या वस्तू पडलेल्या असतात, याचा पत्ता आम्हांला बकूने लावून दिला. आइस्क्रीमच्या काड्या, माशांचे काटे, कोंबडीची हाडे, बिस्किटांची वेष्टने, दोऱ्यासकट वाळलेल्या फुलमाळा, कोणाचा तरी मोजा! आमची दृष्टी समोर क्षितिजावर, त्याची जमिनीवर. आम्ही देवळाच्या शिखराला नमस्कार करीपर्यंत तो काहीतरी चघळू लागलेला असे.

मग आम्ही आमच्या पद्धतीचा अवलंब करीत असू. “सोड!” अशी गर्जना करावयाची. आमच्या घरी कोकणी बोलतात, शाळेत मराठी; परंतु या दोन्ही भाषांत हा शब्द एकच असल्याने बकूला भाषेची अडचण सांगावयास जागा नव्हती. गर्जनेने भागले नाही, तर त्याची मान पकडावयाची, जबडा उघडावयाचा आणि बोटे घालून वस्तू ओढून काढावयाची. दोरी सुटली, तर पाठीमागे धावावयाचे. आमच्यासारखा धोतर न नेसणारा परंतु धोतराच्या वयाचा दिसणारा शिक्षक कुत्र्यामागे धावताना पाहून दूध आणावयास निघालेले विद्यार्थी वाटेत थांबत आणि अत्यंत आदराने आम्हांला नमस्कार करीत. त्या आदरामागील हसू आम्हांला दिसत नसे, असे नाही.

मातुःश्री ओसरीवरून हे सारे पाहत. एके दिवशी त्या म्हणाल्या, “पुता, ओडून काडूं नाका; दिवन काड.” ओढून काढू नकोस, देऊन काढ. आम्ही पदवीधर, मातुःश्री चौथी शिकलेल्या. आम्ही तिकडे लक्ष दिले नाही.

या झटापटीत एकदा हाड ओढताना बकूचा दात आमच्या बोटाला लागून रक्त आले. पिल्लू घरचे, त्याला लस टोचलेली, म्हणून आम्ही दुर्लक्ष करणार होतो. पण मातुःश्रींनी नळाखाली साबणाने पंधरा मिनिटे बोट धुवावयास लावले आणि इंजेक्शनासाठी रुग्णालयात पिटाळले. त्या योग्य तेच करीत होत्या. गोव्यात कुत्र्यांना लस टोचण्याची मोहीम वर्षानुवर्षे चालली आणि २०२१ साली आपले राज्य ‘रेबीज नियंत्रित’ म्हणून जाहीर झाले, ही अभिमानाची गोष्ट आहे. परंतु दात लागल्यावर अभिमानाने जखम धुतली जात नाही.

याहून वाईट गोष्ट पुढेच आहे. एके सकाळी बकू अंगणाच्या कोपऱ्यातून काहीतरी तोंडात घेऊन आमच्याकडे धावत आला आणि शेपूट हालवीत त्याने ते आमच्या पायांपाशी ठेवले. आदल्या दिवशी त्याने कोंबडीचे हाड गिळले होते. तो राग आमच्या मनात होताच. आम्ही न पाहताच त्याला एक चापट दिली. तो ओरडून मागे सरला. मग आम्ही वाकून पाहिले, तो ती नारळाची सुकलेली शेंडी होती. त्याने ती खाल्ली नव्हती. तो ती आम्हांला दाखवावयास घेऊन आला होता.

महाभारताचे आदिपर्व ज्यांनी वाचले असेल, त्यांना सरमेच्या पुत्राची गोष्ट आठवेल. जनमेजयाचे यज्ञसत्र चालू असता देवांच्या कुत्रीचे, सरमेचे, पिल्लू तेथे आले. त्याने हविर्भागाकडे पाहिलेदेखील नव्हते, मग चाटण्याची गोष्ट दूरच. तरी जनमेजयाच्या भावांनी त्याला मारले. सरमेने येऊन विचारले, माझ्या मुलाने कोणता अपराध केला? कोणापाशीच उत्तर नव्हते. तेव्हा तिने शाप दिला, की निरपराध्याला मारल्याबद्दल तुमच्यावर अदृष्ट भय कोसळेल. एवढ्या महान ग्रंथाच्या उंबरठ्यावरच व्यासांनी एका मार खाल्लेल्या पिल्लाला का बसविले असावे, याचा आम्ही पूर्वी कधी विचार केला नव्हता.

त्या चापटीनंतर बकूने आपल्या वस्तू आम्हांला दाखविणे बंद केले. त्याने तीन नवे धडे आत्मसात केले. पहिला, माणूस जवळ येऊ लागला, की पळावे. दुसरा, पळता येत नसेल, तर चावत बसू नये, अखंड गिळावे. तिसरा, जे मिळेल ते माणसाकडे पाठ करून खावे. आमच्या इतक्या वर्षांच्या नोकरीत इतक्या जलद इतके धडे कोणाही विद्यार्थ्याने घेतले नव्हते. आणि ते आपणच शिकविले, हे न समजणारा शिक्षकही आमच्यासारखा दुसरा नव्हता.

त्याच सुमारास वर्गात एक प्रसंग घडला. आठवीतील एक मुलगा बाकाखालून शेजाऱ्याला चिठ्ठी देत होता. आम्ही हात पुढे करून म्हणालो, “आण ती इकडे.” मुलाने आमच्याकडे पाहिले, चिठ्ठीकडे पाहिले आणि आम्ही पोहोचण्याच्या आत ती तोंडात टाकून चक्क गिळून टाकली. वर्गात हास्यकल्लोळ झाला. आम्ही पंधरा मिनिटे शिस्तीवर व्याख्यान दिले. त्या मुलाचे डोळे आपण कोठेतरी पाहिले आहेत, एवढेच आम्हांला वाटत राहिले. कोठे, ते मात्र आठवेना.

पुढे चतुर्थी आली. गणपतींचे विसर्जन झाल्यावरच्या पहिल्या शुक्रवारी मासळीच्या बाजारात पाय ठेवण्यास जागा नसते, हे गोमंतकीय वाचकांना सांगावयास नको. श्रावणापासूनचे सारे शाकाहारी पुण्य त्या एका दिवसात खर्ची पडते. आम्हीही बांगडे घेतले. मासे ज्या पातळ पिशवीत दिले होते, तिचा कान वाटेत तुटला. आम्ही मासे कापडी पिशवीत घातले आणि रिकाम्या पिशवीला नेहमीच्या सवयीने दोन वेढ्यांची गाठ मारून ती घराजवळच्या वळणावर, जेथे सर्वजण टाकतात, त्या ढिगावर टाकून दिली. एकशेवीस मायक्रॉनपेक्षा पातळ पिशव्यांवर ३१ डिसेंबर २०२२ पासून साऱ्या देशात बंदी आहे. ती घेणारे आम्ही आणि टाकणारेही आम्हीच. त्याच सत्रात आम्ही ‘प्लास्टिक : एक समस्या’ या विषयावर मुलांकडून निबंध लिहून घेतला होता.

शनिवारी सकाळी फिरावयास निघालो असता वळणावर बकूने काहीतरी उचलले. आम्ही “सोड!” म्हणून गरजलो आणि झेप घेतली. त्याने मान वर केली, दोनदा घशाची हालचाल केली, आणि तोंड रिकामे झाले. काय होते, ते आम्हांला दिसलेही नाही.

संध्याकाळी तो ओकू लागला. रविवारी त्याने पाण्यालाही तोंड लावले नाही. ज्याने पायपुसण्यापासून मोज्यापर्यंत कशालाही नाही म्हटले नव्हते, त्याने मातुःश्रींच्या हातची पेज नाकारली. तेव्हा मातुःश्री देवापुढे जाऊन बसल्या आणि आम्ही त्याला टॉवेलात गुंडाळून पशुवैद्यांकडे घेऊन गेलो. वजनाने तो अर्धा झाल्यासारखा वाटत होता. पोट चाचपून व तपासण्या करून वैद्य म्हणाले, “आतड्यात काहीतरी अडकले आहे. शस्त्रक्रिया करावी लागेल. वाचेल, अशी आशा धरू. खात्री देता येणार नाही.”

बाहेरच्या बाकावर आम्ही दोन तास बसून होतो. आमच्या हातांना त्याच्या अंगाचा वास येत होता. परीक्षागृहात पर्यवेक्षक म्हणून अनेक तास मुकाट्याने बसण्याची आम्हांला सवय आहे. परंतु ते दोन तास आम्ही विद्यार्थ्याच्या बाकावर होतो.

अखेर वैद्य बाहेर आले. त्यांच्या हातातील तबकात एक दोरीसारखी पिळवटलेली वस्तू होती. त्यांनी ती पाण्याने धुतली आणि चिमट्याने उलगडली. ती पातळ पिशवी होती. तिचा एक कान तुटलेला होता आणि तिला दोन वेढ्यांची गाठ होती.

ती गाठ आमच्या ओळखीची होती.

बकू वाचला. शुद्धीवर येत असताना त्याने आमचा अंगठा चाटला, चावला नाही. वैद्यांनी औषधे लिहून दिली आणि सहज विचारावे तसे विचारले, “त्याच्या तोंडातली वस्तू काढताना तुम्ही काय करता?” आम्ही आमची पद्धत सांगितली. सांगताना आमचा आवाज हळूहळू लहान होत गेला. ते म्हणाले, “म्हणजे लवकर गिळायला त्याला तुम्हीच शिकवलंत.”

त्या रात्री आम्ही आमच्या बी. एड्.च्या जुन्या वह्या काढल्या. थॉर्नडाइक या अमेरिकन मानसशास्त्रज्ञाने १८९८ साली मांजरांना पेटीत कोंडून केलेल्या प्रयोगांवर आम्ही परीक्षेत चार पाने लिहिली होती. ज्या कृतीचे फळ सुखकारक, ती प्राणी पुन्हा करतो, हा त्याचा नियम. मात्र वहीच्या समासात आम्हीच एक टीप लिहून ठेवलेली आढळली. १९३० नंतर थॉर्नडाइकने स्वतःच आपल्या नियमाचा अर्धा भाग मागे घेतला होता: बक्षिसाने सवय जशी दृढ होते, तशी शिक्षेने ती पुसली जात नाही. त्या टिपेखाली आम्ही लाल शाईने ‘महत्त्वाचे’ असे लिहिले होते. परीक्षेसाठी महत्त्वाचे, एवढाच तेव्हा त्याचा अर्थ होता. चौथी शिकलेल्या मातुःश्रींनी तीच गोष्ट सहा शब्दांत सांगितली होती.

टाके सुकल्यावर आमचे शिक्षण सुरू झाले. आमचे, असे मुद्दाम लिहितो. प्रथम आम्ही वेंगुर्ल्याहून आलेले थोडे सोडे मागवून घेतले. सोलून वाळवलेल्या कोळंबीला कोकणात सोडे म्हणतात. ते दोनतीनदा पाण्यातून काढून त्यांचे मीठ घालविले आणि लहान तुकडे केले. ‘सोड’ म्हटले, की ‘सोडे’ मिळतात, असे व्याकरण बकूच्या मनावर बिंबवावयाचे होते.

एका मुठीत साधा बिस्किटाचा तुकडा धरून आम्ही त्याच्यापुढे बसलो. त्याने मूठ हुंगली, चाटली, पंजाने खरवडली. आम्ही ओरडलो नाही, मूठही उघडली नाही. काही वेळाने कंटाळून त्याने नाक क्षणभर मागे घेतले. त्याच क्षणी आम्ही हळू आवाजात “सोड” म्हणालो आणि दुसऱ्या हातातील सोड्याचा तुकडा दिला. पुनःपुन्हा हाच पाठ. चार दिवसांनी मूठ पुढे येताच तो आपण होऊन मागे सरून आमच्या तोंडाकडे पाहू लागला. मग तुकडा जमिनीवर ठेवून, त्यावर पाय झाकून, मग पाय काढून, मग अंगणात, आणि शेवटी रस्त्यावर, दोरी हातात धरून. एक पायरी पक्की झाल्यावाचून दुसरी चढावयाची नाही, हा नियम. गणिताचे शिक्षक तो आम्हांला नेहमी ऐकवितात.

तोंडात वस्तू आलीच, तर पाठलाग करावयाचा नाही. पाठलाग हा पिल्लाला एक तर खेळ वाटतो, नाही तर संकट. दोन्हींचा परिणाम एकच. शांतपणे खाली बसावे, नाकाजवळ अधिक चांगली वस्तू धरावी आणि त्याने तोंडातील टाकली, की ती द्यावी. टाकलेली वस्तू निरुपद्रवी असेल, तर ती त्याला परत द्यावी. या शेवटच्या गोष्टीसाठी आमचे मन फार दिवस धजत नव्हते. परंतु सारा चमत्कार तिच्यातच आहे. ‘दिले म्हणजे गेले’ ही भीती तेथे फिटते. नारळाची एक शेंडी आम्ही बकूकडून किती वेळा घेतली आणि किती वेळा परत केली, याची गणती नाही. पहिल्यांदा ती परत मिळाली, तेव्हा त्याने आमच्याकडे ज्या नजरेने पाहिले, तिच्यात आनंदाहून आश्चर्य अधिक होते. त्या आश्चर्याची आम्हांला लाज वाटली.

याखेरीज काही साध्या गोष्टी. फिरावयास निघण्यापूर्वी त्याला थोडे खाऊ घालू लागलो. उपाशी पोटी उपदेश पचत नाही. चालताना दहा पावले पुढचा रस्ता आम्ही आमच्या डोळ्यांनी झाडू लागलो. जेथे फारच घाण असेल, तेथे त्याच्या तोंडाला जाळीदार मुसके बांधले. त्यातून त्याला धापा टाकता येतात आणि पाणी पिता येते. ज्यांच्या घरी पिल्लू आहे, त्यांनी आणखी एवढे ध्यानात ठेवावे: आपल्या रानातील काजऱ्याच्या, म्हणजे कुचल्याच्या, आणि पिवळ्या कण्हेरीच्या बिया विषारी आहेत, काजूच्या टरफलातील चिकाने तोंड भाजते, शिजविलेली हाडे फुटून त्यांचे कपरे आतड्यात रुततात, चॉकलेट, द्राक्षे, मनुका, कांदा-लसूण हे आपले खाद्य कुत्र्याला बाधते. काही भलते गिळलेच, तर मीठपाणी पाजून ओकविण्याचे घरगुती उपाय करू नयेत. उरलेला तुकडा किंवा वेष्टन बरोबर घेऊन तत्काळ पशुवैद्य गाठावा. आणि परक्या कुत्र्याच्या तोंडात कधीही हात घालू नये.

दिवाळी आली. नरकचतुर्दशीच्या पहाटे नरकासुरांचे दहन झाल्यावर आमचे रस्ते कसे दिसतात, ते आपण सर्व जाणतो. तारा, अर्धवट जळलेले कागद, पेंढा, फटाक्यांच्या नळ्या. आणि रात्रभर जागलेल्या मंडळींच्या खाण्याचे अवशेष. अभ्यंगस्नान करून, कारीट फोडून, नवा सदरा घालून आम्ही बकूला घेऊन निघालो. वळणावर त्याने मान खाली घातली आणि वर केली, तेव्हा त्याच्या जबड्यात कोंबडीचे लांब हाड होते. आम्ही खिशात हात घातला. नवा सदरा! खिसा रिकामा होता.

क्षणभर जुना मास्तर आमच्या अंगात संचारला. दोरी आखडावी, झडप घालावी, असे हात शिवशिवू लागले. बकूनेही ते ओळखले असावे. त्याचे कान मागे गेले. परंतु आम्हांला तबकातील गाठ आठवली. आम्ही त्या जळक्या कागदांत, नव्या कपड्यांनिशी, खाली बसलो. काय करावे, ते सुचत नव्हते. आम्ही नेहमीच्या आवाजात फक्त “सोड” म्हणालो.

तो आमच्याकडे पाहत राहिला. आमचे दोन्ही हात रिकामे आहेत, हे त्याला दिसत होते. मग त्याने हाड खाली ठेवले आणि एक पाऊल मागे सरून तो उभा राहिला.

तेथून आम्ही दोघे घरापर्यंत धावत आलो. आयुष्यात आम्ही पुष्कळांचे देणे दिले असेल, पण इतक्या घाईने कोणाचे दिले नव्हते. मातुःश्री फोव कालवीत होत्या. वृत्तांत ऐकून त्यांनी दह्यातल्या फोवांची पहिली वाटी देवाला दाखविली आणि दुसरी बकूपुढे ठेवली. आमची पाळी तिसरी आली.

बकू आता संत झाला आहे, असा कोणी समज करून घेऊ नये. त्यानंतर तिसऱ्याच दिवशी त्याने खडूचा तुकडा खाल्ला; तो आमच्याच खिशातून पडला होता. परंतु आता त्याला काही सापडले, की दहांपैकी आठ वेळा तो ते तोंडात धरून आमच्याकडे येतो. आमच्यापासून दूर जात नाही.

दिवाळीची सुटी संपल्यावर आम्ही त्या आठवीतल्या मुलाला मधल्या सुटीत बोलावले. चिठ्ठीत काय होते, असे विचारले. आणि सांगावयाचे नसेल, तर सांगू नकोस, असेही म्हणालो. तो बराच वेळ गप्प राहिला. मग म्हणाला, “सर, मला समास कळला नव्हता. घरी गेल्यावर समजावून देशील का, एवढंच लिहिलं होतं.” समास आम्हीच शिकवीत होतो. त्या दिवशी त्याने आमच्या भीतीने एक प्रश्न गिळला होता. असे आणखी किती प्रश्न या पंधरा वर्षांत किती मुलांनी गिळले असतील, याचा हिशेब कोणत्याही पशुवैद्याच्या तबकात निघणार नाही. आता आमच्या वर्गात एक करार आहे: चिठ्ठी टेबलावर ठेवावी, आम्ही ती उघडणार नाही, तास संपल्यावर ती परत मिळेल. हल्ली चिठ्ठ्या कमी झाल्या आहेत. वर येणारे हात वाढले आहेत. त्या मुलाने समास पुन्हा समजावून घेतला. दोन वेळा.

आणखी एक. शाळेच्या फाटकाबाहेर खाऊची वेष्टने टाकणाऱ्या आमच्या विद्यार्थ्यांना आम्ही आता व्याख्यान देत नाही. घरी जाताना आम्ही स्वतः ती उचलून पिशवीत घालतो. पिशवी कापडी असते. पहिल्या दिवशी मुले पाहत राहिली. आता दोघेतिघे बरोबर वाकतात.

राहता राहिला सहावीचा तो तास. गेल्याच आठवड्यात आम्ही वर्गात गेलो आणि त्या मुलीला म्हणालो, “नामदेवांचा कुत्रा का पळत होता, हे तू विचारले होतेस. उत्तराला उशीर झाला.” तिला आपला प्रश्न आठवत होता, मुलांना तो नेहमी आठवतो.

आम्ही सांगितले, “नामदेवांच्या हातात तुपाची वाटी होती, हे खरे. पण त्यांच्या आधी ज्या ज्या घरी तो कुत्रा गेला असेल, त्या त्या घरातून कोणी ना कोणी काठी घेऊन त्याच्या मागे धावले असेल. धावणारा माणूस म्हटला, की तो हिसकावणारा, एवढेच त्याला ठाऊक होते. वाटी ओळखण्याइतका वेळ त्याला कोणी दिला नव्हता.”

तिने क्षणभर विचार केला आणि पुन्हा हात वर केला.

“मग सर, नामदेवांनी धावायच्या ऐवजी खाली बसायला हवं होतं का?”

आम्ही या वेळी घड्याळाकडे पाहिले नाही. “आम्हांला ठाऊक नाही,” आम्ही म्हणालो, “आपण मिळून विचार करू.”